वास्तू आणि तिचे नाव
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला म्हणजे एखाद्या निवृत्त शिक्षकाने उठून चार उपदेशपर शब्द बोलावेत, असा आपल्या मेळाव्याचा जुना प्रघात आहे. यंदा ती पाळी आमच्यावर आली आहे. उपदेश करण्याचा आमचा अधिकार मोठा नाही. आम्ही जुन्या अकरावीच्या अखेरच्या तुकडीतले. १९७५ साली मॅट्रिक झालो, आणि पुढे सारा जन्म मावळातील मुलांना पाढे व बाराखडी शिकविण्यात गेला. यास्तव उपदेश बाजूला ठेवून आज आम्ही एका निराळ्याच विषयावर बोलणार आहोत. तो विषय म्हणजे जुनी चित्रपटगृहे आणि खेळ बंद पडल्यानंतर त्यांच्या वास्तूंचे झालेले बरेवाईट.

हे ऐकून समोर बसलेले आमचे काही जुने विद्यार्थी हसत आहेत. 'सिनेमाला गेलात तर याद राखा' असे बजावून ज्यांनी छडी उगारली, तेच गुरुजी आज सिनेमागृहांची कथा सांगावयास उभे राहिले, याची त्यांना मौज वाटणे साहजिक आहे. परंतु हा विषय आम्ही केवळ करमणुकीसाठी घेतलेला नाही. दुपारच्या सत्रात आपल्या समाजमंदिराचे पुढे काय करावयाचे हा ठराव आपणांसमोर यावयाचा आहे. त्याआधी इतरांनी आपापल्या वास्तूंचे काय केले ते पाहिले, तर आपला निर्णय अधिक डोळस होईल, एवढाच आमचा हेतू.

आमची आणि सिनेमाची पहिली गाठ पडली ती १९६७ साली. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. पुण्यास 'प्रभात' चित्रपटगृहात जुना 'संत तुकाराम' पुन्हा लागल्याचे त्यांना कळले, आणि त्यांनी आमच्या आजीस व आम्हांस पॅसेंजर गाडीने पुण्यास नेले. आजन्म आजीने लोणावळ्याच्या बाजाराखेरीज मोठे शहर पाहिले नव्हते. थिएटरच्या दाराशी येताच तिने वहाणा काढून हातात घेतल्या. दारावरचा माणूस म्हणाला, "आजीबाई, हे देऊळ नाही." आजी म्हणाली, "आत तुकोबा आहेत ना? मग झालं तर." पडद्यावर विष्णुपंत पागनीस दिसू लागताच तिने हात जोडले, ते खेळ संपेपर्यंत सोडले नाहीत. परतीच्या गाडीत तिने एकच प्रश्न विचारला, "ज्या इंद्रायणीत गाथा बुडवली, ती आपलीच ना रे?" इंद्रायणीचा उगम आपल्या कुरवंड्याच्या डोंगरात. ते पाणी आपल्या शिवाराजवळून पुढे देहूस जाते. वडिलांनी होकार देताच ती माउली जी गप्प झाली, ती लोणावळे स्टेशन येईपर्यंत बोलली नाही.

त्या दिवशी आम्हांस कळले की, वास्तूला तिचे मोल चुन्याविटांनी येत नाही. आत येणारा माणूस आपल्याबरोबर काय घेऊन येतो, त्याने ते येते.

आता थोडा इतिहास. आपल्या देशात चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईस वॉटसन हॉटेलात झाला. ती बिडाच्या लोखंडी सांगाड्याची इमारत पुढे हॉटेल राहिली नाही. 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावाने ती वकिलांच्या व व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांनी भरून गेली, आणि देखभालीवाचून जर्जर झाली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी प्रथम लागला. ते कॉरोनेशन आज उरलेले नाही. ज्या दोन जागांना आपल्या चित्रपटाची जन्मस्थाने म्हणावे, त्यांतील एकीची दुर्दशा झाली व दुसरी पुसली गेली. चित्रपट जपून ठेवावेत, हेच मुळी आपल्याला उशिरा सुचले. मग ते दाखविणाऱ्या भिंती कोण जपणार?

पुण्यास पहिले कायमचे चित्रपटगृह उभे राहिले ते मंडईजवळ, १९१५ साली. गंगाधरपंत तथा बापूसाहेब पाठक यांनी उभारलेले हे 'आर्यन'. तोवर सिनेमा म्हणजे तंबू. जत्रेत उतरावयाचा आणि जत्रेबरोबर उठावयाचा. आर्यनने त्याला पक्के छप्पर दिले. मूकपटांच्या काळापासून बोलपटांच्या भरभराटीपर्यंत दोन पिढ्या तेथे बसल्या. १९८०च्या दशकात ते पाडले गेले आणि त्या ठिकाणी वाहनतळ झाला. मंडईत भाजी घ्यावयास येणाऱ्या माणसांच्या गाड्या कोठेतरी उभ्या राहावयास हव्यात, यात शंका नाही. म्हणून आम्ही त्या वाहनतळास नावे ठेवीत नाही. परंतु गंमत अशी की, जुने पुणेकर त्या जागेस पुढेही 'आर्यन'च म्हणत राहिले. इमारत गेली तरी नाव लोकांच्या जिभेवर राहिले. मात्र जिभेवरचे नाव हे त्या जिभेच्या आयुष्याइतकेच टिकते. ज्या मुलाने आर्यन पाहिले नाही, त्याला ते नाव म्हणजे गाडी लावावयाचा एक पत्ता, एवढेच.

दुसरे उदाहरण आमच्या आजीच्या थिएटरचे. इंदूरच्या किबे घराण्याने पुण्यास ते १९३४ साली बांधले, आणि 'प्रभात' या नावाने ते महाराष्ट्रात गाजले. मराठी चित्रपटाचे हक्काचे घर म्हणून पुणेकर त्याजकडे पाहू लागले. जागेचे मालक एक आणि थिएटर चालविणारे दुसरे, अशी व्यवस्था तेथे ऐंशी वर्षे चालली. २०१४ साल सरता सरता करार संपला आणि वास्तू किबे घराण्याकडे परत गेली. त्या वेळी अनेक पुणेकरांच्या डोळ्यांत पाणी आले, कारण आता तेथे काय उभे राहील हे कोणासच ठाऊक नव्हते. परंतु मालकांनी पुढल्या वर्षी ते चित्रपटगृह म्हणूनच पुन्हा उघडले, आणि त्यास 'किबे लक्ष्मी थिएटर' हे घराण्याचे नाव दिले. येथे कागदपत्र नीट होते, मालकी स्पष्ट होती, आणि वास्तू तिच्या कामासाठीच ठेवण्याची इच्छाही होती. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती वाचली. यांतील एक जरी उणी असती, तरी काय झाले असते हे सांगवत नाही.

तिसरे उदाहरण मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ऑपेरासाठी बांधलेल्या या वास्तूत बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांच्यासारख्यांनी आपली कला दाखविली, आणि १९३५च्या सुमारास ते चित्रपटगृह झाले. पुढे गोंडलच्या राजघराण्याने ते विकत घेतले. प्रेक्षक घटले, खर्च वाढला, आणि १९९३ साली दारास कुलूप लागले. ते तेवीस वर्षे उघडले नाही. या काळात छत गळत होते, नक्षी झडत होती, पण आजूबाजूच्या साऱ्या वस्तीस लोक 'ऑपेरा हाउस' म्हणूनच ओळखीत होते. वस्तीला नाव देणारी वास्तू मात्र अंधारात बसली होती. अखेर मालकांनी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून तिचा जीर्णोद्धार करविला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तिची दारे पुन्हा उघडली. २०१७ साली युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातील वारसाजतनाच्या पारितोषिकांत या कामाची दखल घेतली. या जीर्णोद्धारात एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. सिनेमासाठी मागाहून केलेले फेरफार बाजूस सारून वास्तूस तिच्या मूळ रूपाकडे नेण्यात आले. म्हातारीला तरुणीचे लुगडे न नेसविता तिचे स्वतःचेच जुने पैठणी पातळ घडी उलगडून नेसवावे, तसे.

चौथे उदाहरण चित्रपटगृहाचे नव्हे, चित्रपट जेथे निर्माण होत त्या जागेचे आहे. पण शिक्षक म्हणून ते आम्हांस सर्वांत प्रिय आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच भागीदारांनी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापिली. १९३३ साली ती पुण्यास आली. गावाबाहेर, त्या काळच्या उजाड माळावर तिने आपला स्टुडिओ बांधला. 'संत तुकाराम' तेथेच झाला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण भागीदार पांगले, काळ फिरला आणि १९५३ साली कंपनी बंद पडली. एवढा मोठा स्टुडिओ मोडून त्याचे भूखंड पाडणे अवघड नव्हते. तसे झाले नाही. १९६० साली सरकारने त्याच आवारात चित्रपटविद्येची शाळा काढली. पुढे दूरचित्रवाणीच्या शिक्षणाची तीस जोड मिळाली आणि आजचे 'फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट' हे नाव पडले. ज्या दालनात दामले-फत्तेलालांनी तुकोबांचे वैकुंठगमन चित्रित करविले, तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले ती विद्या शिकू लागली. कारखाना गेला, पाठशाळा आली. तथापि विद्या तीच राहिली. पुनर्जन्म म्हणावा तो असा.

सभासदहो, चित्रपटगृहे ओस का पडली, हेही दोन वाक्यांत सांगणे अवश्य आहे. मुंबईस १९७२ साली दूरदर्शन आले. पुढल्याच वर्षी सिंहगडावरील केंद्रामुळे ते पुण्याच्या टापूत दिसू लागले. १९८२ साली त्यात रंग भरले. त्यामागून व्हिडिओ आला, मग केबल आली, आणि नव्या शतकाच्या आरंभी एका छपराखाली चार-पाच पडद्यांची लहान लहान दालने निघाली. आठशे-हजार खुर्च्यांचे एक दालन रोज चार वेळा भरणे मालकास अशक्य झाले. पूर्वी दोन यंत्रे लावून, कार्बनच्या कांड्यांच्या प्रकाशात, एक रीळ संपताच दुसरे यंत्र चालू करणारा कसबी माणूस असे. संगणकी प्रक्षेपण आले आणि त्याचेही काम गेले. २०२० सालच्या महामारीने तर उरलीसुरली दारेही कित्येक महिने बंद ठेवली.

शिवाय ही वास्तू दुसऱ्या कामास लावणे सोपे नसते. तिची जमीन पडद्याकडे उतरती असते, भिंतींना खिडक्या नसतात, छप्पर उंच आणि मध्ये खांब नाही. घरे करावीत तर उजेड नाही. दुकाने करावीत तर जमीन सपाट नाही. म्हणून मालकास सर्वांत सोपा मार्ग दिसतो तो पाडण्याचा. परंतु ज्याने थोडा विचार केला त्याला हेही दिसले की, खांबावाचूनचे मोठे दालन ही आजच्या काळात दुर्मिळ गोष्ट आहे. सभा, व्याख्यान, नाटक, वाचनालय, व्यायामशाळा यांना ते जसे पाहिजे तसेच असते. वास्तूची अडचण आणि वास्तूचा गुण या पुष्कळदा एकाच भिंतीच्या दोन बाजू असतात.

आता आपल्या घरचा प्रश्न. आपले समाजमंदिर १९६३ साली उभे राहिले. तेही एक खांबावाचूनचे दालनच आहे. लग्ने, बारसी, तेरावे, परीक्षेच्या दिवसांत मुलांचा अभ्यास, हे सारे तेथे झाले. आज त्याची कौले गळतात. आपल्याकडे वर्षास दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तो कोणाची गय करीत नाही. खजिनदारांचे म्हणणे असे की, डागडुजीत दरसाल पैसा ओतण्यापेक्षा जागा विकसकास द्यावी. तो वर दालन बांधून देईल, खाली गाळे काढील, आणि शिष्यवृत्तीनिधीस मोठी रक्कम देईल. द्रुतगती महामार्ग आला, शिक्षणसंस्था आल्या, खोपोली ते कुसगाव या नव्या मार्गाने तर आपल्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत नेले. जमिनीचे भाव आपल्या वाडवडिलांनी स्वप्नातही पाहिले नव्हते एवढे झाले. खजिनदारांच्या बोलण्यात तथ्य आहे. शिष्यवृत्तीच्या रकमेने एखादी मुलगी पुण्यास शिकावयास जाणार असेल, तर गळक्या कौलांचा मोह धरणे हे शहाणपण नव्हे, हे आम्हीही मानतो. आणि इमारत धोक्याची झाली असेल, तर जुनेपणाच्या प्रेमापोटी तीत मुले बसविणे हे पाप होय.

परंतु या ठिकाणी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. १९९४ साली आम्ही या मंडळाचे चिटणीस होतो. दरवाजा अरुंद पडतो, लग्नाची मंडळी अडकतात, म्हणून पुढची भिंत फोडून तो रुंद करण्याचे ठरले. त्या भिंतीत देणगीदारांच्या नावांची शिळा बसविलेली होती. गवंड्याने विचारले, "गुरुजी, या दगडाचे काय करू?" आम्ही शाळेच्या घाईत होतो. म्हणालो, "ठेव कोठेतरी." आठ दिवसांनी पाहिले तो दगड नव्हता. पायरीच्या भरावात गेला, की मातीबरोबर गाडीतून गेला, ते आजतागायत कळले नाही. त्या शिळेवर आमच्या आजीचे नाव होते. हातातल्या चांदीच्या पाटल्या मोडून तिने एकवीस रुपये दिले होते. पावतीवर वडिलांचे नाव घालू लागले, तेव्हा तिने हटकून सांगितले होते, "पैसे माझे, नाव माझे घाला." तिला अक्षरओळख नव्हती. तरी मंदिरात आली की त्या ओळीवरून बोट फिरवी. ते बोट ज्या दगडावर फिरे, तो दगड आम्ही हरवला. दुसऱ्या कोणी हरवला असता तर आम्ही केवढा गहजब केला असता!

म्हणून आज आम्ही ठरावाला विरोध करावयास उभे नाही. परंतु मतदानापूर्वी चार अटी मंडळाने मान्य कराव्यात, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आणि त्या चारही अटी आम्ही वर सांगितलेल्या वास्तूंपासूनच शिकलो आहोत.

पहिली अट. ऑपेरा हाउसच्या मालकांनी जाणत्या माणसाकडे वास्तू सोपविली. आपणही आधी जाणत्या अभियंत्याकडून भिंती व छप्पर तपासून घ्यावे. डागडुजीचा खर्च आणि नव्या बांधकामाचा खर्च हे दोन्ही आकडे लेखी सभेपुढे यावेत. आज आपल्यापुढे एकच आकडा आहे, आणि तोही ज्याला जागा हवी आहे त्याने दिलेला.

दुसरी अट. किबे लक्ष्मी थिएटरचे कागद ऐंशी वर्षांनीही बोलले. आपली जमीन मंडळाच्याच नावे राहावी. गाळे भाड्याने द्यावेत, पण जमिनीची मालकी जाऊ नये. सातबारावरून नाव एकदा गेले की ते कोणत्याही मेळाव्यात परत आणता येत नाही.

तिसरी अट. प्रभातच्या स्टुडिओत पाठशाळा झाली. आपल्या दालनात लग्नाचे चार महिने सोडले तर उरलेले आठ महिने कुलूप असते. तेथे अभ्यासिका काढावी. १९७८ साली पुणे-लोणावळे लोकल सुरू झाल्यापासून आपली मुले पहाटेच्या गाडीने शिकावयास जातात आणि रात्री थकून येतात. घरी दोन खोल्यांत त्यांना वाचावयास जागा नाही. इमारत जुनी राहो वा नवी होवो, अभ्यासिकेस जागा मिळालीच पाहिजे. आमची सकाळ मोकळी असते. किल्ली आमच्याकडे द्यावी. उघडण्याचे, झाडण्याचे आणि मुलांचे गणित पाहण्याचे काम आम्ही विनावेतन करू.

चौथी अट नावांची. आर्यनचे नाव लोकांच्या जिभेवर राहिले. आपली वास्तू लहान; आपल्यासाठी कोणी शहर आठवण ठेवणार नाही. शिळा गेली, तरी १९६३ सालची जमाखर्चाची वही मंडळाच्या कपाटात निघाली आहे. गेल्या दिवाळीत आम्ही तीतून सारी नावे उतरवून काढली. कोणी पाच रुपये दिले, कोणी दोन पोती भात, कोणी आठ दिवसांची मजुरी. काही ठिकाणी नुसते 'अमक्याची आई' एवढेच लिहिले आहे. त्या मातांची स्वतःची नावे आज त्यांच्या नातवंडांनाच सांगता येतील, आणि तीही आणखी दहा वर्षांत कोणास सांगता येणार नाहीत. मंडपाच्या दाराशी आम्ही ती यादी व एक कोरी वही ठेवली आहे. आपापल्या आजीचे, पणजीचे नाव आठवून त्यात लिहावे. पुढे जी इमारत राहील तिच्या दर्शनी भिंतीवर ही सर्व नावे पुन्हा कोरली जावीत. त्या शिळेचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. ते दान नव्हे, ती भरपाई आहे.

मुलांनो, आज तुमचा सत्कार झाला. प्रशस्तिपत्रावर तुमचे नाव छापलेले पाहून तुम्हांस किती आनंद झाला, तो आम्ही येथून पाहिला. ज्यांच्या पैशाने हे छप्पर उभे राहिले त्यांनाही असाच आनंद एके काळी झाला होता. जेवणाच्या पंगतीकडे जाताना दाराशी क्षणभर थांबा, आणि घरच्या मोठ्या माणसांस विचारून एक तरी नाव त्या वहीत लिहा.